मुक्याची मुंज



भक्तहो, सप्ताहात आपण दरवर्षी गुरुचरित्राचा अकरावा अध्याय वाचतो. श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म आपल्या विदर्भातच, कारंज्याला झाला. वडील माधव, आई अंबा, बाळाचे नाव नरहरी. जन्मताच ॐ म्हणाले, पण सात वर्षांचे झाले तरी दुसरा शब्द नाही! लोकांनी नाना उपाय सुचवले. आईचा जीव तीळतीळ तुटायचा. शेवटी तिने लेकरालाच विचारले, बाळा, तू बोलशील कधी? त्याने खुणेने सांगितले, मुंज करा. मुक्याची कसली मुंज, पैसा वाया, असे लोक म्हणाले. तरी आईबापांनी मुंज मांडली. आईने भिक्षा घातली आणि त्या मुखातून वेद बाहेर पडले.

आपण त्यातला चमत्कार बघतो आणि अंबामातेला विसरतो. मुलाच्या खुणेवर भरवसा ठेवायचा, तोही साऱ्या गावासमोर, हे का सोपे आहे?

आपल्या लकडगंजात आरामशिनींचा आवाज ऐकतच आपण म्हातारे झालो. रंधा रेषेच्या उलट मारला की सागाचेही टवके उडतात, हे इथल्या सुताराला सांगावे लागत नाही. नातवंडांच्या बाबतीत मात्र आपण विसरतो. एक नातू पाहुणे आले की पडद्यामागे जातो, त्याला ओढून म्हणतो, ‘म्हण श्लोक! ताई बघ कशी म्हणते.’ तो आणखीच मिटतो. मग आपणच त्याला घुम्या म्हणतो, आणि ते नाव जन्मभर चिकटते. दुसरी एका जागी ठरत नाही, तिला तासभर पाटावर बसवायचा हट्ट आपलाच.

भागवतात अवधूतांनी चोवीस गुरू सांगितले. त्यांत जागचा न हलणारा अजगर आहे आणि फुलाफुलावर फिरणारी मधमाशीही आहे. अवधूतांनी अजगराला उडायला सांगितले नाही.

याचा अर्थ लाड करा असा नाही. खोटे बोलणे, मारामारी, यांना दोघांनाही सारखाच धाक हवा. फक्त एकाला डोळ्याची खूण पुरते, दुसरीला जवळ बसवून दोनदा सांगावे लागते. आणि मूल वयात येऊनही बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर डॉक्टरांना दाखवाच. पोथीवर भार टाकून बसू नका.

यंदा जन्मोत्सवाला नातवंडांना घेऊन या. लाजाळू असेल त्याच्या हाती पाळण्याची दोरी द्या, माईक नको. आणि जिला बसवत नाही, तिला सुंठवडा वाटायला पाठवा.