मुलास बरेवाईट कळू लागते ते केव्हा?

नागापूर येथील एका घरी घडलेली गोष्ट प्रथम सांगतो. पुढे जो विचार मांडावयाचा आहे तो आम्हांस तिच्यावरूनच सुचला. घरची आजी आजारी होती, आणि तिच्याकरिता रोज सकाळी दूध आणण्याचे काम दोघा नातवांकडे पाळीपाळीने असे. धाकटा सात वर्षांचा. एके दिवशी पावसाने वाट निसरडी झाली होती. आजीचा चहा खोळंबू नये म्हणून तो पोर धावत येत असता पाय घसरला आणि किटली उपडी झाली. बाप कारखान्यातील रात्रपाळी आटोपून नुकताच घरी आला होता. त्याने मुलास चांगलेच बदडले. थोरला, चौदा वर्षांचा, दारात उभा राहून हे सर्व पाहत होता. हा थोरला आपल्या पाळीच्या दिवशी वाटेत पेलाभर दूध पिऊन किटलीत तितकेच पाणी ओतीत असे, ही गोष्ट त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हती.

वाचकहो, ह्या दोघांत अधिक अपराधी कोण? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला! परंतु हाच प्रश्न स्वित्झर्लंड देशातील जाँ पियाजे नामक एका विद्वान गृहस्थाने कित्येक मुलांस विचारला होता, आणि त्यावरून इ. स. १९३२ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्याने दुधाऐवजी कपांची गोष्ट सांगितली. एक मुलगा जेवावयास म्हणून आत येतो. दाराआड तबकात पंधरा कप ठेवले आहेत हे त्यास ठाऊक नसते. दार उघडताच सारे फुटतात. दुसरा मुलगा आई घरी नाही असे पाहून फडताळातील मुरंबा चोरू जातो, आणि त्याच्या हातून एकच कप फुटतो. अधिक वाईट कोण? सहासात वर्षांची पुष्कळ मुले म्हणाली, पहिला. कारण त्याने पंधरा फोडले. नऊदहा वर्षांची मुले बहुधा म्हणत, दुसरा. कारण तो चोरी करावयास गेला होता. लहान मूल नुकसान मोजते, मोठे झालेले मूल हेतू पाहू लागते, असे त्यावरून पियाजेने ठरविले.

हे वाचीत असता आमच्या मनात आले की त्या सकाळी बापाने जो हिशेब केला, तो कोणत्या वयाचा? सांडलेले दूध त्याच्या डोळ्यांपुढे होते, धावण्याचे कारण त्याने विचारिलेच नाही. तो मनुष्य अविचारी नव्हे. रात्रभर यंत्रापुढे उभा राहून थकला होता इतकेच. परंतु थकवा व राग आला म्हणजे चाळीस वर्षांचा मनुष्यही सहा वर्षांच्या बुद्धीने न्याय करू लागतो, आणि मंडळीतील वडील माणसांच्या बैठकीतही आम्ही असे होताना पाहिले आहे. ज्याची चूक चारचौघांत उघडी पडली त्यास मोठा दंड, आणि ज्याची झाकली राहिली तो पंचांच्या पंक्तीस!

सरकारी कायदा ह्या बाबतीत कित्येक आईबापांहून शहाणा आहे. इ. स. १८६० च्या दंडसंहितेने ठरविले होते की सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध नव्हे. आणि सात ते बारा ह्या वयात आपण काय करतो व त्याचे परिणाम काय हे समजण्याइतकी पक्वता त्या मुलास आलेली नसेल, तर तेही अपराध नव्हे. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी हा नियम तसाच राहिला.

पियाजेने मुलांचा गोट्यांचा खेळही पाहिला. त्यास असे आढळले की लहान मुलांस खेळाचे नियम वडिलांनी ठरविलेले व कधीही न बदलणारे असे वाटतात. दहाबारा वर्षांच्या मुलांस कळू लागते की नियम सर्वांच्या संमतीने झाले आहेत, आणि सर्वांची संमती असल्यास बदलताही येतात. आमच्याकडे विटीदांडू खेळणारी पोरे खेळतात थोडे आणि भांडतात फार, अशी तक्रार आपण करितो. परंतु ते भांडण म्हणजेच त्यांची न्यायसभा होय. जो बाप प्रत्येक तंटा आपण जाऊन मिटवितो, तो मुलांस गप्प बसावयास शिकवितो. न्याय करावयास शिकवीत नाही.

पुढे अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्ग ह्याने हाच शोध मोठ्या मुलांपर्यंत नेला. इ. स. १९५८ मध्ये शिकागो येथे लिहिलेल्या प्रबंधात त्याने मुलग्यांपुढे कठीण पेच मांडिले. त्यांतील प्रसिद्ध पेच हा: बायको मरणाच्या दारी आहे, औषधवाला परवडणार नाही अशी किंमत मागतो, तर नवऱ्याने औषध चोरावे काय? उत्तर होय की नाही ह्याला कोलबर्ग महत्त्व देत नसे. कारण काय दिले ते तो पाही. शिक्षेचे भय, आपला लाभ, लोकांनी चांगले म्हणावे ही इच्छा, कायद्याचा मान, आणि सर्वांत वर कायद्यासही तपासून पाहणारे तत्त्व, अशी शिडीच त्याने उभी केली. त्याच्यापाशी काम केलेल्या कॅरल गिलिगन बाईंनी इ. स. १९८२ मध्ये आक्षेप घेतला की ही शिडी मुलग्यांवरून बांधिली आहे, ज्या विचारात "नियम काय?" ह्यापेक्षा "कोणास दुखापत होईल?" हे आधी येते, त्यास तिच्यावर नीट जागाच नाही. ह्या आक्षेपावर पुढे पुष्कळ वाद झाला. आम्हांस त्यात तथ्य दिसते. आमच्या खेड्यांतील एखाद्या अडाणी म्हातारीस तत्त्वाचा एक शब्दही सांगता येणार नाही. तथापि दारी आलेल्या उपाशी पोरास भाकरी देताना तिला शिडी चढावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट ह्या शिडीत बसत नाही. इलियट ट्युरिएल नामक अभ्यासकाने दाखविले की अगदी चिमुकल्या मुलांसही रूढी व अन्याय ह्यांतील भेद काहीसा कळतो. शिक्षकांनी परवानगी दिल्यास वर्गात अमुक नियम मोडला तरी चालेल, असे ती म्हणतात. परंतु शिक्षकांनी परवानगी दिली तरी दुसऱ्यास मारणे वाईटच. मग ही समज पुढे जाते कोठे? डॉक्टर आंबेडकर ह्यांनी आपल्या बालपणीची एक हकीकत लिहून ठेविली आहे. इ. स. १९०१ च्या सुमारास ते घरच्या इतर मुलांबरोबर सातारहून वडिलांस भेटावयास निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे कबूल करून, गाडी मुलांनीच हाकावी ह्या अटीवर बैलगाडी मिळाली; रात्री जवळ अन्न असूनही पाणी न मिळाल्याने ती उपाशी निजली. मास्तर वयाने मोठे, शिकलेले. पोर नऊ वर्षांचे. येथे शिडीच्या वरच्या पायरीवर कोण होते, हे वाचकांनीच ठरवावे.

आमचे उत्तर असे की ती समज नाहीशी होत नाही. वडील माणसे तिच्यावर रूढीचे ओझे घालतात. इ. स. १९८७ मध्ये रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र व जोन मिलर ह्यांनी ओरिसातील भुवनेश्वर येथील मुलांची व मोठ्यांची मते प्रसिद्ध केली. बापाच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापून कोंबडी खाणे, हे तेथील लोकांस अतिशय घोर पातकांपैकी वाटले. शिकागोच्या मुलांस त्यात काही विशेष वाटले नाही. म्हणजे काय पातक नि काय केवळ चाल, ह्यांची सीमा मूल पुष्कळ अंशी घरातच शिकते. आणि एकदा शिकलेली सीमा पुसून पुन्हा आखणे, हे काम मोठेपणी करावे लागते.

ते कसे होते, ह्याचा आमच्या जिल्ह्याशी जोडलेला दाखला लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा आहे. त्यांचा जन्म इ. स. १८६८ मध्ये नाशिकजवळ जलालपूर येथे झाला. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आलेल्या जिनसाही धुतल्याशिवाय घरात येऊ नयेत. अशा घरात वाढलेल्या मुलीस विटाळ हा पापासारखाच वाटणार. इ. स. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांस वाटले की जगच बुडाले. पुढे त्या नगर येथे पतीकडे आल्या तरी सोवळे सांभाळूनच. पतीचा धर्म आपला मानावा एवढे तर आज्ञाधारक बायकोस एका दिवसात करिता आले असते. त्यांनी तसे केले नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्या आपल्या मनाशी घोळवीत राहिल्या, आणि त्यांचे त्यांनाच उत्तर मिळाल्यावर सोवळे सुटले. बाप्तिस्मा इ. स. १९०० मध्ये झाला. पाच वर्षे लागली! त्यांनी स्मृतिचित्रांत हे सारे स्वतःस हसत हसत सांगितले आहे. ज्या मतासाठी पाच वर्षे झगडलो त्यास माणूस सहसा सोडीत नाही. जे भीतीने अथवा आज्ञेने एका रात्रीत घेतले, ते दुसरी भीती येताच जाते. म्हणून आज्ञाधारक मूल आणि चांगले मूल ही एकच, असे जे आईबाप समजतात त्यांची आम्हांस काळजी वाटते.

आता त्या घराकडे वळतो. दूध सांडल्यावर सुमारे महिन्याने थोरला मुलगा रात्री बापापाशी आला आणि त्याने पाण्याची गोष्ट आपण होऊन सांगितली. कोणी पाहिले नव्हते, कोणी विचारिले नव्हते. बापाने विचारले, "मग आजच का सांगतोस?" मुलगा म्हणाला, "आजीला डॉक्टरांनी दूध वाढवायला सांगितलं. ती माझ्या हातचं पाणी पीत होती." चोरी करू नये हा नियम त्यास लहानपणापासून पाठ होता; त्या नियमाने त्यास अडविले नाही. आजीच्या हातातील पेला पाहून तो अडला.

बाप दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आला. मुलास शिक्षा करावी की जवळ घ्यावे, हे त्यास कळेना. आम्ही म्हणालो, ते तुम्ही बापलेक मिळून ठरवा. पण त्या सकाळी तो का धावत होता, हे तुम्ही धाकट्याला कधी विचारले काय?

"नाही," तो म्हणाला, आणि बराच वेळ खाली पाहत बसला.