आईला आरोपी करून मूल वाचत नाही

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बँक्सिया हिल या बालबंदीगृहातील ९९ मुलांची तज्ज्ञांनी कसून तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ३६ मुलांना फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजे एफएएसडी, असल्याचे आढळले. गर्भावस्थेत आईच्या पोटात गेलेल्या दारूने बाळाच्या मेंदूला होणारी ही इजा जन्मभर टिकते. या ३६ जणांपैकी पूर्वी निदान झालेली मुले होती अवघी दोन. बाकीच्यांची गाठ पोलिसांशी आणि न्यायाधीशांशी आधी पडली. आपल्याला झाले आहे काय, हे त्यांना गजाआड गेल्यावर कळले.

निदान इतके का चुकते? दारू वारेतून सरळ गर्भाच्या रक्तात उतरते आणि गर्भाचे कच्चे यकृत तिचा निचरा करू शकत नाही. इजा मात्र मेंदूत होते; बारीक डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली खाच ही चेहऱ्यावरची लक्षणे बहुतेक मुलांत दिसतच नाहीत. पुष्कळांचा बुद्ध्यांकही सर्वसाधारण निघतो. पण काल पाठ झालेले आज आठवत नाही, पैशाचा आणि वेळेचा अंदाज येत नाही, कुणीही यावे आणि फूस लावावी. मास्तर म्हणतात कामचुकार, शेजारी म्हणतात वाया गेलेला. केल्या कृत्याची त्याच्या परिणामाशी सांगड घालणे ज्याला मुळातच कठीण जाते, त्यालाच आपण शिक्षेने धडा शिकवू पाहतो.

चेहऱ्यावर खूण नसेल, तर निदान एका गोष्टीवर येऊन ठेपते: गरोदरपणी दारू घेतली गेली होती, हे आईने किंवा घरच्यांनी खरेखरे सांगणे. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची कळ इथे आहे. ज्या आईला समाज आरोपी ठरवतो, ती तोंड उघडणार नाही. आणि ती गप्प राहिली, की मूल निदानाला मुकते.

तरीही गेल्या अर्धशतकातली जागृती बरीचशी आईकडे बोट दाखवतच झाली. फ्रान्समधल्या नाँत शहरात पॉल लेमुआन यांनी १९६८ साली १२७ मुलांची निरीक्षणे मांडली, तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९७३ साली सिअ‍ॅटलमध्ये केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या व्याधीला नाव दिले. १९८९पासून अमेरिकेत दारूच्या बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा छापला जाऊ लागला. तिथवर ठीक होते. पण १९९८ साली विस्कॉन्सिन राज्याने दारू पिणाऱ्या गर्भवतीला ताब्यात घेण्याची सोय कायद्यातच केली. अटकेची भीती असलेली बाई दवाखान्याची पायरी कशाला चढेल?

मग आईची जबाबदारी काहीच नाही का? आहे. गरोदरपणात दारूचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण माहीत नाही, हे प्रत्येकीला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पण अनेक जणी दिवस गेल्याचे कळण्याआधीच पीत असतात, आणि काहींच्या हाती पेला इतरांनी दिलेला असतो. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप भागात द्राक्षमळ्यांचे मालक मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देत. ही ‘डॉप’ पद्धत कायद्याने बंद झाली, व्यसन मागे राहिले. या व्याधीचे जगातले सर्वाधिक प्रमाण नोंदले गेलेल्या प्रदेशांत आज त्या भागाची गणना होते. तिथल्या एकट्या आईला जाब विचारून मळेवाल्याला कसे सोडता येईल?

वेगळी वाट ऑस्ट्रेलियातल्याच फिट्झरॉय क्रॉसिंगच्या आदिवासी स्त्रियांनी दाखवली. जून ऑस्कर, एमिली कार्टर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी २००७ साली पूर्ण तीव्रतेची दारू विकत घेऊन बाहेर नेण्यावर निर्बंध आणवले. पुढे गावातल्या मुलांची तपासणी व्हावी म्हणून संशोधकांना त्यांनीच बोलावले. पात्र कुटुंबांपैकी सुमारे ९५ टक्के सहभागी झाली. जवळपास दर पाच मुलांमागे एकाला एफएएसडी निघाला. इतके कटू सत्य बाहेर आले, कारण विचारणारे आपलेच होते आणि उत्तराच्या पाठीमागे शिक्षेऐवजी उपचार होता.

निदानाने इजा भरून येत नाही, आयुष्य मात्र सावरते. सिअ‍ॅटलच्या अ‍ॅन स्ट्राइसगुथ यांच्या अभ्यासात सहाव्या वर्षाआधी निदान झालेल्या आणि स्थिर, मायेच्या घरात वाढलेल्या मुलांच्या वाट्याला पुढची संकटे कमी आली. एका वेळी एकच सूचना, ठरलेला दिनक्रम, पैशाच्या व्यवहारात भरवशाचा माणूस: मदत एवढी साधी असते, पण ती जन्मभर लागते.

आपल्याकडे पिणाऱ्या स्त्रिया सुमारे एक टक्का, असे २०१९–२१चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. अरुणाचल प्रदेशात मात्र हाच आकडा २४च्या आसपास आहे. बाटलीवरचा सक्तीचा इशारा दारू पिऊन गाडी चालवू नका म्हणतो, गर्भाबद्दल अवाक्षर काढत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एफएएसडीचे नाव नाही. इशाऱ्यात एक ओळ आणि यादीत एक नाव वाढवणे सरकारच्या हातात आहे. गरोदर बाईला दारूबद्दल न दरडावता विचारणे, आणि तिने खरे सांगितले तर तिच्या पाठीशी उभे राहणे, हे मात्र डॉक्टरांपासून सासरपर्यंत आपल्या सर्वांनाच शिकावे लागेल.