मन जाणणे आणि मन सावरणे

मावळातील शिरगावच्या साईमंदिरात मनाचे ओझे उतरवावयास येणारा भाविक कोणाची पदवी विचारीत नाही. मानसशास्त्राच्या पदवीधराकडे येणारा दुःखी मनुष्य मात्र त्या पदवीवरच भिस्त ठेवील. म्हणून विद्यापीठाचा नावलौकिक पाहण्यापूर्वी, तेथील पदवी आपणांस कोणता अधिकार देते, हे विद्यार्थ्याने विचारावे असे आम्हांस वाटते. नुसत्या बी. ए.ने चिकित्सेचा अधिकार प्राप्त होत नाही; १९९२ च्या कायद्यान्वये चिकित्सा-मानसशास्त्रज्ञास भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. हा निर्बंध जाचक नव्हे. कारण गुरूच्या देखरेखीवाचून परक्याच्या मनावर उमेदवारी करणे हा अधर्मच होय. ज्यास मन केवळ जाणावयाचे आहे, त्यास तीन-चार वर्षे पुरतील; ज्यास ते सावरावयाचे आहे, त्याने लांबची वाट धरावी.