नीटची भीती आणि आहारशास्त्राचा आडोसा

बस. रडायला लागू नकोस, मी अजून सुरुवातही केलेली नाही.

तुझी योजना वाचली. आधी न्यूट्रिशनची पदवी, मग एमएस्सी, मग हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप, मग आर.डी.ची, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा आणि सगळ्यात शेवटी एमबीबीएस. प्रत्येक पायरीला वेगळ्या रंगाचा बाण. एवढी मेहनत मेकॅनिक्सच्या उदाहरणांवर घेतली असतीस, तर आज आपण दोघं इथं बसलो नसतो.

ही अक्कल दिली कोणी? अमेरिकेतल्या मावसभावाने. त्याच्या जागी तो बरोबर आहे. तिकडे मेडिकलला जायच्या आधी पदवी घ्यावीच लागते, मग एमकॅट द्यायची, आणि प्रवेश देणारे लोक मधल्या वर्षांत तू काय केलंस हेही विचारतात. आहारतज्ज्ञ म्हणून रुग्णांमध्ये काम केलेलं असेल तर तिथे त्याला किंमत आहे. पण तिथेही २०२४ पासून आर.डी.च्या परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवी लागते, त्यामुळे तिकडची मुलंसुद्धा दहादा हिशोब करतात. आपल्याकडे हा हिशोबच नाही. बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि नीट, संपलं. उद्या तू आहारशास्त्रात विद्यापीठात पहिली आलीस तरी नीटच्या ७२० गुणांत त्याचा एक गुण धरत नाहीत. अमेरिकेचा नकाशा घेऊन मालेगाव-रिसोडचा रस्ता शोधायला निघालीस तू.

वर मला सांगतेस, ‘सर, न्यूट्रिशन केलं की बायोलॉजी पक्की होईल.’ अगं, नीटचा अभ्यासक्रम तरी उघडून बघितलास का? २०२४ च्या परीक्षेपासून ‘पचन आणि शोषण’ हा अख्खा धडा त्यातून काढून टाकला आहे. वनस्पतींचं खनिज पोषणही गेलं. माणूस खातो ते पचतं कसं, हे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोराला विचारायचंच नाही, असं ज्यांनी ठरवलं त्यांच्याबद्दल माझं मत वेगळं आहे, ते राहू दे. सांगायचं एवढंच, की जे तू तीन वर्षं शिकणार ते त्या पेपरात नाही. आणि तुझी बायोलॉजी कच्ची आहे कुठे? दोन्ही वर्षांचे तुझे मार्क माझ्यासमोर आहेत. तू अडतेस फिजिक्सच्या ४५ प्रश्नांत. जीवनसत्त्वं पाठ केल्यावर रोटेशनल मोशन आपोआप सुटणार आहे का?

वयाची अट नाही म्हणतेस. खरं आहे, वरची मर्यादा २०२२ मध्ये उठली. म्हणून काय झालं? आज तू एकोणीस वर्षांची. पदवी, एमएस्सी, इंटर्नशिप, परीक्षा, सगळं वेळेवर झालं तरी पंचविशी गाठशील. तेव्हा अकोल्याच्या रिपीटर बॅचमध्ये अठरा वर्षांच्या पोरांशेजारी बसून विसरलेलं फिजिक्स पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर साडेचार वर्षं एमबीबीएस, वर एक वर्ष इंटर्नशिप. हा खर्च कोण करणार, हे तुझ्या त्या रंगीत कागदावर कुठे दिसलं नाही मला. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि तुझ्या बाबांना बाजारात तेवढाही मिळाला नाही. ते तुला ‘नाही’ म्हणणार नाहीत. म्हणूनच मी म्हणतोय.

हे झालं मूर्खपणाबद्दल. मूर्खपणा मी माफ करतो, नोकरीच आहे माझी ती. राग आलाय तो दुसऱ्याच गोष्टीचा. न्यूट्रिशनच्या पुढे कंसात तू ‘सोपं’ असं लिहिलंस.

सोपं?

एखादं मूल दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेलं, अशा अवस्थेत पोषण पुनर्वसन केंद्रात येतं. आजी म्हणते, उपाशी आहे लेकरू, तूप-भात चारा. तो भात त्याचा जीव घेऊ शकतो. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून सुरुवात एफ-७५ नावाच्या दुधाने करतात. शंभर मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी, प्रथिनं मुद्दाम कमी, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, रात्रीसुद्धा. मूल सावरलं, भूक परतली, की मग एफ-१००. किती, कधी, केव्हा वाढवायचं हे वजनावर ठरतं, आणि ते मोजून पाजणारं, आजीला समजावणारं माणूस म्हणजे तिथली आहारतज्ज्ञ. डायलिसिसच्या वॉर्डात जा. तब्येतीला चांगलं म्हणून रोज नारळपाणी पिणारा माणूस तिथे भेटेल, आणि तेच पोटॅशियम त्याच्या किडनीतून बाहेर जात नसतं. त्याच्या ताटातून काय काढायचं आणि तरी त्याला उपाशी कसं ठेवायचं नाही, हे ज्याला कळतं त्याच्या कामाला तू ‘सोपं’ म्हणालीस.

आणि हे तू कुठे बसून म्हणतेस? २०१८ मध्ये केंद्राने देशभरातून आकांक्षित जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून चारच: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आपलं वाशिम. त्यात जे मोजतात त्यात आरोग्य आणि पोषण हा एक मुख्य विषय आहे. ज्या जिल्ह्याला आहारतज्ज्ञाची खरी गरज, तिथली हुशार मुलगी त्या कामाकडे नीटची गाडी येईपर्यंत टेकायचं बाकडं म्हणून बघते.

कमला सोहोनींचं नाव ऐकलंस? नसेलच. केंब्रिजहून १९३९ मध्ये पीएच.डी. घेऊन आलेली बाई. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं, पुढे मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं. तिने अन्नाचा अभ्यास दुसरं काही मिळालं नाही म्हणून केला नव्हता. आणि डॉक्टर होऊन पोषणातच काम करायचं असेल तर तोही रस्ता आहे. डॉ. सी. गोपालन आधी डॉक्टर झाले, मग आयुष्यभर हिंदुस्थानातल्या माणसाच्या ताटाचा अभ्यास करत राहिले. आपल्या देशात हा क्रम चालतो. तुझा नाही चालत.

तो तीन महिन्यांचा ऑनलाइन डाएट कोर्सही मनातून काढून टाक. २०२१ च्या कायद्याने आहारतज्ज्ञाला आरोग्य व्यावसायिकांत धरलं आहे. सर्टिफिकेटची चौकट भिंतीवर टांगून हॉस्पिटल उभं करत नाही.

वाशिमला आता सरकारी मेडिकल कॉलेज झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं, शंभर जागा, म्हणून तुझ्या घरी पेढे वाटले म्हणे. त्यातल्या पंधरा टक्के जागा देशभरच्या मुलांसाठी, उरलेल्यांवर अख्ख्या महाराष्ट्राचा हक्क. विभागवार कोटा २०२० मध्येच रद्द झाला. कॉलेज घराजवळ आलं, जागा नाही आली.

आता ऐक. पोषण शिकायचं असेल तर मनापासून शीक. परभणीचं कृषी विद्यापीठ आहे, नागपूर आहे, मुंबईचं एसएनडीटी आहे. फॉर्म भरायला मी बसतो तुझ्याबरोबर, आणि पुढे नीटचं नाव काढायचं नाही. डॉक्टरच व्हायचं असेल तर अजून एक वर्ष, फक्त एक, आणि त्यातला निम्मा वेळ फिजिक्सला. सोमवारी सकाळी सातला बाबांना घेऊन ये. त्यांच्यासमोर, तुझ्या तोंडून, एकच नाव ऐकायचं आहे मला. आणि येताना दोन्ही वर्षांचे फिजिक्सचे पेपर आण, नाव कुठलंही सांगितलंस तरी.