पाळणा थांबल्यावर

धाकटीच्या जन्मानंतर आमच्या घरात 'आता पुरे' असे ठरले. ठरवले मी, शस्त्रक्रिया झाली हिची. या वाटणीत काही वावगे आहे, असे तेव्हा मला मुळीच वाटले नाही.

परवा शाळेच्या पटांगणात तिशी ओलांडलेल्या बायकांच्या तपासणीचे शिबिर होते. ही हसून म्हणाली, "मला कशाला? माझं ऑपरेशन कधीच झालंय!" नर्सबाई म्हणाल्या, "वहिनी, ऑपरेशनने पाळणा थांबतो. पिशवीच्या तोंडाची राखण होत नाही."

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक शरीरसंबंधातून येणाऱ्या एका विषाणूमुळे होतो. निरोध त्याला काही अंशी अडवितो. गोळ्या पाच वर्षांहून अधिक काळ घेतल्या तर धोका थोडा वाढतो, सोडल्यावर उतरतो. उलट अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका त्याच गोळ्या कमी करतात. नसबंदी विषाणूला अडवीत नाही. म्हणजे साधन कोणतेही असो, तपासणी हवीच. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. विषाणूची चाचणी एकदाच केली तरी या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, असे २००९ मध्ये त्यातून दिसून आले.

मग माझ्या घरात हे कोणालाच कसे सुचले नाही? कारण सरळ आहे. मुले होईपर्यंत कुशीची काळजी सारे घर घेते. पाळणा थांबला की ती कोणाच्या आठवणीतही राहत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते स्त्रीची सुटका व्हावी म्हणून. आम्ही पुरुषांनी त्यात आपली सुटका करून घेतली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३ टक्के! त्या दशांशात मीही नाही.

निर्णय दोघांचा असेल, तर त्यानंतरची काळजी एकटीची कशी?

शेवटी ही तपासणीला गेली. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. काही मिनिटांचेच काम होते. पण ती मिनिटे फार लांबली. बाहेर येताच हिने विचारले, "अहो, तुमचा तास नव्हता का आता?"

होता. शस्त्रक्रियेच्या दिवशीही होता. आणि तेव्हा मी वर्गात शुद्धलेखन शिकवीत होतो.