प्रभूचा दिवस आणि आपले शरीर



प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या पहिल्यावहिल्या रविवारी, दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे पायी निघाले होते. संत लूकने आपल्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात हे अंतर साठ स्टेडिया, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ११ किलोमीटर असे दिले आहे. पुनरुत्थित प्रभू त्यांच्या बरोबरीने चालू लागला. वाटेत त्याने शास्त्राचा उलगडा केला, घरी पोहोचल्यावर भाकर मोडली आणि शिष्यांचे डोळे उघडले. मग ते त्याच संध्याकाळी उठून तेवढेच अंतर परत यरुशलेमला आले. प्रभूवचन, भाकर मोडणे आणि शुभवार्ता सांगणे हे सारे त्या रविवारी झाले, आणि ते चालत चालत झाले.

आता आपला शनिवार-रविवार पाहू या. सोमवार ते शुक्रवार आपल्यातील अनेक जण विरार-चर्चगेट लोकलने कामावर जातात. गाडी पकडण्यासाठी का होईना, स्टेशनचा पूल चढणे होते, ऑफिसपर्यंत चालणे होते. शनिवार उजाडला की तेही थांबते. मग बाजारहाट, मुलांचे क्लास, धर्मशिक्षण, कुणाचे लग्न, कुणाचा बाप्तिस्मा, कुणाच्या घरी महिन्याची मिस्सा, संघटनेची सभा. रविवारी दुपारी भरपेट जेवण, झोप, टीव्ही किंवा मोबाईल. दोन दिवस धावपळ पुष्कळ होते, पण ती बहुतेक स्कूटरवर आणि रिक्षात बसून होते. "व्यायामाला वेळ कुठे आहे, फादर?" हा प्रश्न म्हणूनच वारंवार ऐकू येतो.

हा प्रश्न धर्माचा आहे का? आम्हांला वाटते, निश्चित आहे. आपले शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे आणि आपण स्वतःचे मालक नाही, असे संत पौल करिंथकरांस बजावतो (१ करिंथ ६:१९-२०). मंदिराची कौले फुटली तर आपण वर्गणी काढतो. शरीररूपी मंदिर मात्र डागडुजीवाचून वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की जीवन आणि शारीरिक आरोग्य ही देवाने सोपवलेली मोलाची दाने आहेत आणि त्यांची वाजवी काळजी घेणे हे आपले कर्तव्य आहे (परिच्छेद २२८८). लगेच पुढच्या परिच्छेदात तो सावधही करतो की शरीराचीच पूजा मांडू नका. आळस नको आणि आरशाची भक्तीही नको, असा हा मधला मार्ग आहे.

आपल्या आजी-आजोबांना व्यायाम करा असे कुणी सांगितले नाही. वाडीचे शिंपण, डोक्यावर भाजीची पाटी, केळीच्या घडांची ओझी आणि पहाटेच्या मिस्सेला पायपीट यांतच त्यांचे शरीर झिजत होते आणि टिकतही होते. आज वाड्या कमी झाल्या, खुर्चीवरची कामे वाढली, पण लग्नातले ताट तेवढेच भरलेले राहिले. परिणाम घराघरांतील औषधांच्या डब्यात दिसतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते.

पुरेशी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. भरभर चालणे हे त्याचे सोपे उदाहरण. पूर्वी एका वेळी निदान १० मिनिटे सलग व्हावीत अशी अट होती, ती आता काढून टाकली आहे. पाच मिनिटेही हिशेबात धरली जातात. २०२३ साली अमेरिकेतील 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे ९० हजार लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी आठवड्याची बरीचशी हालचाल एक-दोन दिवसांतच केली, त्यांच्याही हृदयाला जवळपास रोज करणाऱ्यांइतकाच लाभ दिसला. म्हणजे आठवडाभर न जमलेले शनिवार-रविवारी काही अंशी भरून काढता येते. मात्र जे रोज चालतात त्यांनी या दोन दिवसांत खंड का पाडावा?

वेगळा वेळ सापडत नसेल तर असलेल्या वेळालाच पाय जोडावेत. मिस्सेला शक्य असेल त्यांनी चालत यावे. घर पंधरा मिनिटांवर असेल तर जाऊन-येऊन अर्धा तास होतो, शिवाय चर्चच्या दारातील गाड्यांची गर्दी कमी होते आणि वाटेत शेजाऱ्याची विचारपूसही होते. जपमाळेची पाच रहस्ये म्हणायला साधारण वीस मिनिटे लागतात. शनिवारी संध्याकाळी कुटुंबाने ती वाडीच्या वाटेने किंवा इमारतीच्या आवारात चालत म्हणायला हरकत नाही. रविवारच्या जेवणानंतर लगेच आडवे होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटे सावकाश फिरावे, त्याने रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते. गावातल्या आजारी माणसाला भेटायला जायचे असेल तर पायी जावे, एका फेरीत दयेचे कृत्यही होईल. वृद्धांनी खुर्चीला धरून सावकाश उठबस करावी, जेणेकरून पायांत बळ राहील आणि पडण्याची भीती कमी होईल. ज्यांना हृदयविकार, दम्याचा किंवा गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आता एक गोष्ट जरा स्पष्टपणे सांगायला हवी. वर उल्लेखिलेल्या २०२४ च्या अभ्यासात पुरेशी हालचाल न करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांचे ५७ टक्के होते. कारण शोधायला लांब जायला नको. पाच दिवस नोकरी करणारी आपली भगिनी शनिवारी आठवड्याचे कपडे धुते, रविवारी मिस्सेहून येताच पाहुण्यांचा स्वयंपाक मांडते. तिचे पती सकाळी फिरून येतात, तेव्हा ती चुलीपुढे उभी असते. "घरकाम हाच तिचा व्यायाम" असे आपण सहज बोलून जातो. घरकामात श्रम आहेत, हे खरे. परंतु मोकळ्या हवेतील अर्धा तास, जिवाला विसावा आणि मैत्रिणीशी दोन शब्द हे भांडी घासून मिळत नाही.

अनुवाद ५:१४ मध्ये शब्बाथाची आज्ञा वाचा. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझ्या दारचा परका, सर्वांना विसावा मिळाला पाहिजे. घरातल्या एकाच्या पाठीवर दुसऱ्यांचा विसावा उभा राहावा, असा देवाचा बेत नव्हता. म्हणून पतींनी आणि मोठ्या मुलामुलींनी रविवारची भांडी आणि केरवारा आपल्याकडे घ्यावा. आईला चप्पल घालून बाहेर पडू द्यावे, किंवा सर्वांनीच तिच्याबरोबर जावे.

दुसऱ्या बाजूचा धोकाही आहे. मॅरेथॉन शर्यती, सायकलफेऱ्या आणि ट्रेक बहुधा रविवारी सकाळीच असतात आणि त्यांपायी मिस्सा सुटते. पोप संत दुसरे जॉन पॉल स्वतः डोंगर चढणारे व बर्फावर स्कीइंग करणारे होते. १९९८ सालच्या 'प्रभूचा दिवस' या पत्रात त्यांनी बजावले की रविवार हा नुसता वीकएंडचा एक भाग होऊन राहू नये. शरीरासाठी केलेली मेहनत थोडी उपयोगी आहे, पण भक्ती सर्व बाबतींत उपयोगी आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे (४:८). ज्यांना रविवारी शर्यत आहे, त्यांना शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेची सोय ख्रिस्तसभेच्या कायद्यानेच दिली आहे (कलम १२४८). मग सबब उरत नाही.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी इटलीतील तुरिन शहराच्या पिएर जोर्जो फ्रासाती या तरुणाला संत म्हणून घोषित केले. १९०१ साली जन्मलेल्या फ्रासातीला गिर्यारोहणाचे वेड होते, पण मिस्सा त्याने सोडली नाही. १९१८ साली तो संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचा सभासद झाला. गाडीभाड्याचे पैसे गरिबांना देऊन तो घरी धावत येई, असे त्याच्या चरित्रात सांगितले जाते. १९२५ साली अवघ्या २४ व्या वर्षी पोलिओने त्याचे निधन झाले. त्याचे सुदृढ पाय शिखराकडे गेले, वेदीकडे गेले आणि गरिबाच्या दाराशीही गेले. शरीर कमवायचे ते कशासाठी, याचे उत्तर त्याच्या जीवनात आहे.

तेव्हा, बंधू-भगिनींनो, येत्या शनिवार-रविवारसाठी एकच लहानसा निश्चय करू या. प्रत्येक घराने मिळून एक फेरी पायी करावी आणि घरातील सर्वांत दमलेल्या व्यक्तीला विचारून तिच्या सोयीची वेळ ठरवावी. अम्माऊसच्या वाटेवरचा प्रभू आपल्याही पावलांशी पाऊल जुळवील.

हे प्रभू येशू, तू शिष्यांसोबत चाललास. आम्ही शरीर निरोगी राखावे, ते तुझ्या आणि शेजाऱ्याच्या सेवेत झिजवावे, आणि आमच्या घरात एकाचेही ओझे दुसऱ्याने विसरू नये, अशी कृपा आम्हांला दे. जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्याजवळ तू स्वतः चालत ये. आमेन.