आरोपीची बाजू आणि खोट्याची बाजू

अल्लाहच्या नावाने, जो अत्यंत कृपाशील व दयावंत आहे.

शिरपूर हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे, मध्य प्रदेशच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव. सीमा आणि महामार्ग जिथे जवळ येतात तिथे व्यापार वाढतो आणि चोरट्या मालाच्या वाटाही तिथूनच फुटतात. ‘मोक्का लागला’, ‘तडीपार केले’, ‘टोळीप्रमुख’ हे शब्द आपल्याकडील वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर नवे राहिलेले नाहीत. अशा बातमीत आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या तरुणाचे नाव आले की आपल्यात दोन गट पडतात. एक गट म्हणतो, आपला मुलगा असे करूच शकत नाही, त्याला मुद्दाम गोवले आहे. दुसरा गट त्या घराचा सलामही घेईनासा होतो. ठरलेली सोयरीक मोडतो, दुकानातील उधारी बंद करतो. या दोन्ही गटांपैकी चौकशी मात्र कोणीच केलेली नसते.

दिव्य कुरआनने या दोन्ही गटांना उद्देशून जे सांगितले आहे ते सूरह अन्-निसाच्या १०५ ते ११२ या आयतींमध्ये आहे. भाष्यकारांनी या आयतींची पार्श्वभूमी सांगताना मदीनेतील एका चोरीचा प्रसंग दिला आहे. कथनांच्या तपशिलात फरक आहे. प्रसिद्ध कथन असे की अन्सारच्या बनू जफर घराण्यातील तुअमा बिन उबैरिक या माणसाने शेजाऱ्याचे चिलखत पिठाच्या पोत्यातून चोरले. पोत्याला छिद्र होते व पीठ वाटेवर सांडत गेले. संशय आपल्यावर येणार हे दिसताच त्याने ते चिलखत एका यहुदी माणसाकडे नेऊन ठेवले. माल यहुद्याकडे सापडला. तेव्हा तुअमाचे भाऊबंद एकजुटीने आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि आमचा माणूस निर्दोष आहे, चोर तो यहुदी आहे, अशी रदबदली करू लागले. वरवरचा पुरावा त्यांच्या बाजूचा होता. एका बाजूला कलमा पढणारे लोक, दुसऱ्या बाजूला मुस्लिमांशी वैर धरलेल्या समाजातील एक एकटा माणूस.

त्या वेळी अल्लाहने आपल्या प्रेषितांना (स.) आज्ञा केली की विश्वासघातक्यांचे वकील होऊ नका. त्या भाऊबंदांना विचारले की या जगात तुम्ही त्यांच्या वतीने भांडलात, कयामतच्या दिवशी कोण भांडणार? आणि शेवटी सांगितले की जो स्वतः पाप करून ते निरपराध्याच्या माथी मारतो, तो खोट्या आळाचे आणि उघड पापाचे ओझे उचलतो. यहुदी माणूस निर्दोष ठरला. त्याच्या निर्दोषत्वाची ग्वाही देणाऱ्या या आयती आजही आपल्या नमाजमध्ये पढल्या जातात. एका परधर्मी आरोपीच्या बचावासाठी कुरआनचा एवढा भाग अवतरला, याचा विचार आपण किती वेळा केला आहे?

येथे एक बारकावा आहे. कुरआनने आरोपीची बाजू मांडण्यास मनाई केली नाही. त्या प्रसंगी यहुदी माणूसही आरोपीच होता. मनाई आहे ती माहीत असलेल्या खोट्याची बाजू घेण्यास. या दोन गोष्टींची गल्लत केली म्हणजे वर सांगितलेले दोन गट तयार होतात.

आता कायद्याकडे पाहू. १९९० च्या दशकात मुंबईतील टोळ्यांच्या खंडण्यांनी व खुनांनी कळस गाठला होता. त्या पार्श्वभूमीवर १९९९ मध्ये महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा आला. लोक त्याला मोक्का म्हणतात. मागील दहा वर्षांत टोळीच्या संदर्भात एकाहून अधिक आरोपपत्रे न्यायालयात दाखल झालेली असली व न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असली, तर पुढील गुन्ह्याला हा कायदा लावता येतो. किमान शिक्षा पाच वर्षांची आहे. आरोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. अटकपूर्व जामीन नाही. सरकारी पक्षाचा विरोध असेल तर आरोपी दोषी नसावा असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी खात्री पटल्याशिवाय न्यायालय जामीन देऊ शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये संघटित गुन्हेगारी हा स्वतंत्र गुन्हा म्हणून देशभर आला आहे.

आई-वडिलांनी यातील एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही जुनी आरोपपत्रे प्रत्येक आरोपीवर स्वतंत्रपणे असावी लागत नाहीत, टोळीच्या संदर्भात असली तरी पुरेशी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे ज्या मुलावर आजवर एकही गुन्हा नाही, तो ‘भाई’च्या गाडीवर बसून हिंडतो, त्याचे निरोप पोहोचवतो, त्याच्या वाढदिवसाचे फलक चौकात लावतो, तोही उद्या या कायद्याच्या कक्षेत ओढला जाऊ शकतो.

टोळीतील सहभागाचा हा प्रश्न आपल्या फिक्हला नवीन नाही. सूरह अल्-माइदाच्या ३३ व्या आयतीत वाटमारी करणाऱ्या, भूमीवर उपद्रव माजवणाऱ्या टोळ्यांसाठी अत्यंत कठोर शिक्षा सांगितल्या आहेत. ज्याने स्वतः हात उचलला नाही, केवळ पाठबळ दिले किंवा पहारा ठेवला, त्याचे काय? इमाम अबू हनीफा (रह.) व इमाम मालिक (रह.) यांच्या मते मदतनीसाचा दर्जा हात उचलणाऱ्यासारखाच; इमाम शाफई (रह.) यांच्या मते त्याला न्यायाधीशाच्या विवेकाने वेगळी, सौम्य शिक्षा. तेव्हा टोळीला धाक बसवणारा कडक कायदा मुळातच अन्याय्य आहे, असे आपण धर्माच्या नावाने म्हणू शकत नाही. ज्या दुकानदाराकडून हप्ता उकळला जातो, ज्या मालमोटारीचा चालक रात्री लुटला जातो, त्यालाही अल्लाहनेच संरक्षण दिले आहे.

परंतु शिक्षा जितकी कठोर, पुरावा तितका निखळ, ही शरीअतची दुसरी बाजू आहे. आणि येथे मोक्काचे कलम १८ आड येते. सामान्य कायद्यात पोलिसांपुढील कबुली पुरावा ठरत नाही. मोक्कात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली पुरावा म्हणून वापरता येते. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी असे नोंदवलेले आहे की ज्याला उपाशी ठेवले, घाबरवले किंवा बांधून ठेवले, त्याच्या स्वतःविरुद्धच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही, असे ते सांगत. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात सहाबी नुअमान बिन बशीर (रजि.) यांचा प्रसंग आहे. काही लोकांचा माल चोरीस गेला व त्यांनी विणकरांवर आळ घेतला. नुअमान (रजि.) यांनी त्या विणकरांना काही दिवस अडकवून ठेवले आणि मारहाण न करता सोडून दिले. फिर्यादी रागावले. त्यावर त्यांनी सांगितले, तुमची इच्छा असेल तर मी त्यांना मारतो. माल निघाला तर ठीक, न निघाला तर तेवढेच फटके तुमच्या पाठीवर. हाच अल्लाहचा व त्याच्या प्रेषितांचा (स.) निर्णय आहे, असे ते म्हणाले. फिर्यादींनी मग तो आग्रह धरला असेल असे वाटत नाही.

शिरपूरहून धुळे आणि धुळ्याहून मालेगाव, दोन्ही टप्पे साधारण पन्नास किलोमीटरचे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, जुमाच्या नमाजनंतर मालेगावच्या बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले व तीसहून अधिक माणसे मरण पावली. त्या प्रकरणात नऊ मुस्लिम तरुणांना मोक्काखाली आरोपी करण्यात आले. पाच वर्षांनी, २०११ मध्ये, बहुतेकांना जामीन मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. तोवर त्यांतील एकजण या जगात नव्हता. त्याआधी दोन महिने, ११ जुलै २००६ रोजी, मुंबईच्या उपनगरी गाड्यांत स्फोट होऊन १८० हून अधिक प्रवासी ठार झाले होते. तो खटलाही मोक्काखालीच चालला. २०१५ मध्ये एक आरोपी सुटला, पाचांना मृत्युदंड व सातांना जन्मठेप झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले आणि कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. मृत्युदंड झालेल्यांपैकी एकजण २०२१ मध्येच कारागृहात मरण पावला होता. शासनाने अपील केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवले नाही.

हे वाचताना आपल्या मनात त्या तरुणांविषयी हळहळ दाटते, आणि ती योग्यच आहे. पण गाड्यांमधील मृतांच्या घरीही आई-वडील आहेत. चुकीचा माणूस पकडला जातो तेव्हा खरा खुनी मोकळा राहतो; त्यामुळे निरपराध आरोपीचा बचाव करणे हे मृतांच्या हक्काचेही काम ठरते. केवळ आपल्या माणसांसाठी अश्रू ढाळणे हे बनू जफरचे वर्तन होते.

या दोन्ही खटल्यांतील आरोपींच्या बाजूने उभे राहिलेले एक तरुण वकील शाहिद आझमी. १९९४ मध्ये त्यांना स्वतःलाच टाडाखाली अटक झाली, तिहार कारागृहात वर्षे काढावी लागली. तिथे त्यांनी शिक्षण सुरू ठेवले, सुटल्यावर कायद्याची पदवी घेतली. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील कार्यालयात त्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले, तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यातील ज्या भारतीय आरोपीचे वकीलपत्र त्यांनी घेतले होते, तो त्याच वर्षी मे महिन्यात पुराव्याअभावी सुटला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती सुटका कायम राहिली. वकीलपत्र घेणे म्हणजे गुन्ह्यात सामील होणे, असे मानणारे लोक तेव्हाही होते. अमुक आरोपीचा खटला कोणी घेऊ नये, असे ठराव काही ठिकाणच्या वकील संघांनी केले होते; असे ठराव बेकायदा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच बजावले.

मग मुस्लिम वकिलाने दोषी माणसाचे वकीलपत्र घ्यावे काय? आदरणीय प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना न्यायदानासाठी यमनला पाठवताना सांगितले की दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याशिवाय निवाडा करू नये. दुसरा पक्ष बोललाच नाही तर ही आज्ञा पाळणार कशी? म्हणून दोषी असलेल्याच्या वतीनेही पुरावा तपासून मागणे, शिक्षा गुन्ह्यापेक्षा अधिक होऊ न देणे, हे वैध आहे असे मला वाटते. खोटा साक्षीदार उभा करणे, फिर्यादीला धमकावणे, माल दडवणे हे हराम आहे; त्यासाठी मिळालेली फीसुद्धा हराम आहे. काहीजण आपल्यापेक्षा वाक्चतुर असतात व त्यांच्या बोलण्यावरून निकाल दिला जाऊ शकतो, पण त्यातून भावाचा हक्क मिळवणारा आगीचा तुकडा घेऊन जातो, असे स्वतः प्रेषितांनी (स.) बजावले आहे. मखजूमी घराण्यातील स्त्रीच्या चोरीत हजरत उसामा (रजि.) यांची शिफारस त्यांनी कशी फेटाळली, तेही आपणास ठाऊक आहे.

ज्या घरातील मुलगा खरोखरच वाईट संगतीत आहे, त्या घरासाठी सूरह अल्-माइदाची ३४ वी आयत आहे. कठोर शिक्षांच्या लगेच पुढे तिने अपवाद ठेवला: हाती लागण्यापूर्वीच ज्यांनी तौबा केली ते. फिक्हच्या विद्वानांनी त्यासोबत हेही सांगितले की माणसांचे हक्क तौबेने माफ होत नाहीत. ज्याचे घेतले त्याला परत करावे लागते. मुलाच्या हातात अचानक महागडा मोबाइल दिसला, त्याच्या पैशांनी घरात वस्तू येऊ लागल्या, तेव्हा आई-वडिलांनी विचारले पाहिजे. बहुतेक घरांत तेव्हा कोणी विचारत नाही. विचारले जाते ते पोलिसांची गाडी दारात आल्यावर. ‘आपल्या भावाला मदत करा, तो अत्याचारी असो वा पीडित’ या अर्थाची हदीस आपण मोठ्या उत्साहाने सांगतो. सहाबांनी लगेच विचारले होते की अत्याचाऱ्याला मदत कशी करायची? उत्तर होते, त्याचा हात धरून.

अटक झालीच तर गर्दी करून पोलीस ठाण्यापुढे घोषणा देण्याने मुलाचे काही भले होत नाही. अटकेची कारणे जाणून घेणे, पसंतीच्या वकिलाला भेटणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिलेले हक्क आहेत. वकिलाची ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. कोठडीतील माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही मदत मागता येते. मोक्का लावला असेल तर वकिलाला दोन गोष्टी अवश्य तपासायला सांगाव्यात. गुन्हा नोंदवण्यापूर्वी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी होती काय, आणि खटल्यासाठी अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी मिळाली काय. कलम २३ ने ही दोन कुलपे आरोपीच्या रक्षणासाठीच लावलेली आहेत.

आणि त्या घरातील इतरांचे काय? कोणीही दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे कुरआनने अनेक ठिकाणी सांगितले आहे. भावाच्या गुन्ह्यासाठी बहिणीची सोयरीक मोडणारे नेमके कोणाचे ओझे कोणावर टाकतात? सूरह अद्-दहरच्या ८ व्या आयतीत अल्लाहच्या प्रेमापोटी गरजूला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा आहे. तिथे कैदी निर्दोष असावा अशी अट नाही. शिरपूरहून धुळ्याच्या कारागृहात मुलाच्या भेटीला जाणाऱ्या आईजवळ बसभाडे आहे की नाही, मागे राहिलेल्या लहान मुलांची शाळेची फी भरली गेली की नाही, हे या जुमाला मशिदीतून बाहेर पडताना शेजाऱ्यांनी विचारावे. आणि ज्याचे लुटले गेले, त्याच्या दारीही त्याच दिवशी जावे.